बाजाराकडे परतलेले सूर

व्यापारी घराण्यांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रत्येक घर आपापल्या परीने शोधत असते. वय साठीच्या पुढे गेले, मुले हाताशी आली, पेढीच्या किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या. आता वडीलधाऱ्यांनी काय करावे? काहींना गादीवरून उठवत नाही, तर काहींना व्यवहाराचा असा वीट येतो की एकांताखेरीज दुसरे काही सुचत नाही. एकीकडे बाजार आणि दुसरीकडे निवृत्ती, अशी जणू दोनच दारे आपल्यासमोर असतात. सुज्ञ वाचकहो, या सदरातून आज ज्या गीतसंग्रहाची ओळख करून द्यावयाची आहे, त्याच्या कर्त्याने ही दोन्ही दारे उघडून पाहिली होती. आणि दोन्हींतून जाऊन आल्यावर जे उमगले, ते दहा गाण्यांत मांडून ठेवले आहे.

हा संग्रह म्हणजे कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचा ‘टेन न्यू साँग्ज’, अर्थात ‘दहा नवी गाणी’. नावात कसलाही डौल नाही. नवा माल आल्यावर दुकानदाराने पाटीवर लिहावे, तितके ते साधे. ९ ऑक्टोबर २००१ रोजी हा संग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा कोहेन यांनी वयाची ६७ वर्षे पूर्ण केली होती. त्यापूर्वीचा त्यांचा नव्या गाण्यांचा संग्रह १९९२ सालचा होता. मधल्या नऊ वर्षांच्या मौनात काय घडले, हे समजल्यावाचून या गाण्यांची खोली कळत नाही.

कोहेन यांचा जन्म २१ सप्टेंबर १९३४ रोजी माँट्रियल शहरातील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय पुरुषांच्या तयार कपड्यांचा. आजोबा समाजातील अग्रणी, तर आईचे वडील धर्मग्रंथांचे व्यासंगी पंडित. व्यापार आणि शास्त्राभ्यास असे दोन्ही प्रवाह एकाच घरात होते. लेनर्ड नऊ वर्षांचे असताना वडील वारले. तरुणपणी काही काळ त्यांनी घरच्या कपड्यांच्या कारखान्यातही काम केले. परंतु मन रमले ते कवितेत. १९५६ साली पहिला कवितासंग्रह निघाला, पुढे दोन कादंबऱ्या आल्या. साहित्यावर पोट भरत नाही, हा अनुभव सर्व भाषांतील कवींना येतो, तसा त्यांनाही आला. गाण्यांची पहिली तबकडी १९६७च्या अखेरीस निघाली, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. लोकप्रिय संगीताच्या जगात हे वय उशिराचेच मानले जाते. कपड्यांचा धंदा मात्र त्यांच्या अंगावरून कधी उतरला नाही. इतर गायक रंगीबेरंगी वेशात फिरत असताना कोहेन अखेरपर्यंत नीटनेटक्या सुटातच रंगमंचावर येत राहिले.

लौकिक मिळाला, तरी मन स्वस्थ नव्हते. खिन्नतेचा विकार त्यांना तारुण्यापासून जडलेला होता. १९९३च्या दौऱ्यात मद्यपान फार वाढले. त्यांचे सगळेच आयुष्य आदर्श म्हणून पुढे ठेवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणणार नाही आणि त्यांनी स्वतःही कधी तसे म्हटले नाही. दौरा संपल्यावर, १९९४ साली, ते लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी पर्वतावरील झेन मठात राहावयास गेले. तेथील जपानी आचार्य क्योझान जोशू सासाकी यांना ते अनेक वर्षे ओळखत होते. पहाटेच्या अंधारात उठणे, थंडीत तासन्‌तास बैठक, अंग मेहनतीची कामे, वृद्ध आचार्यांसाठी स्वयंपाक, असा दिनक्रम सुरू झाला. १९९६ साली त्यांनी रीतसर भिक्षुदीक्षा घेतली. ‘जिकान’ हे नाव त्यांना मिळाले. त्याचा अर्थ सामान्यतः ‘मौन’ असा सांगितला जातो. जगभर ज्याचा आवाज ऐकला जात होता, त्या माणसाचे नाव मौन झाले!

परंतु कथा येथे थांबत नाही. १९९९ साली कोहेन मठ सोडून खाली आले आणि त्याच वर्षी मुंबईत दाखल झाले. मठात असतानाच रमेश बाळसेकर यांचे अद्वैतविचारावरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाच्या उच्च पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. वॉर्डन रोडच्या परिसरात, गामडिया रोडवरील आपल्या राहत्या घरी ते रोज सकाळी जिज्ञासूंशी संवाद करीत. कोहेन केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरत, सकाळी चालत बाळसेकरांकडे जात आणि इतर श्रोत्यांत बसून ऐकत. पहिल्याच खेपेस त्यांनी मुंबईत काही महिने काढले. पुढील काही वर्षांतही ते येत राहिले. शहरातील फारच थोड्यांना त्यांची ओळख होती, आणि ते त्यांना मानवणारेही होते.

या ठिकाणी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे, असा एक धागा आहे. बाळसेकरांचे गुरू म्हणजे निसर्गदत्त महाराज. मूळचे नाव मारुती शिवरामपंत कांबळी. बालपण मालवणजवळच्या कांदळगावी गेले. मुंबईत येऊन त्यांनी विड्यांची दुकाने चालविली आणि खेतवाडीतील आपल्या घराच्या माळ्यावर बसून मराठीत तत्त्वबोध केला. त्यांच्या मराठी संभाषणांतून मॉरिस फ्रिडमन यांनी सिद्ध केलेला ‘आय अ‍ॅम दॅट’ हा इंग्रजी ग्रंथ १९७३ साली निघाला आणि जगभरचे साधक खेतवाडीचा जिना चढू लागले. बाळसेकर त्या माळ्यावर महाराजांच्या बोलण्याचे इंग्रजीत भाषांतर करीत असत. विडीचा दुकानदार, बँकेचा अधिकारी आणि कापड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा, अशी ही साखळी आहे. पहिल्या दोघांनी जन्मभर जमाखर्च पाहिला, माणसांची ये-जा पाहिली आणि तरीही आतली शांतता शोधली. त्यांनी जे सांगितले ते अरण्यात बसून नव्हे, मुंबईच्या गर्दीत बसून सांगितले. कोणते तत्त्वज्ञान श्रेष्ठ, हा आपला आजचा विषय नव्हे. परंतु पर्वतावरून उतरलेल्या माणसाला ऐकण्यासाठी मिळाले ते एक गृहस्थाचे घर, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच काळात, अनेक दशकांची आपली खिन्नता हळूहळू ओसरली, असे कोहेन यांनी पुढे वेळोवेळी सांगितले.

‘दहा नवी गाणी’ या वेळी आकाराला आली. मठातील वर्षांत कोहेन यांनी कवितांच्या वह्या भरल्या होत्या. लॉस एंजेलिसला परतल्यावर त्यांनी शॅरन रॉबिन्सन या जुन्या सहकारी गायिकेला सोबत घेतले. १९७९-८०च्या दौऱ्यात त्या साथीला गात होत्या आणि १९८८ सालच्या एका गाजलेल्या गाण्याची चालही त्यांनीच बांधली होती. काम चालले ते कोहेन यांच्या घराशेजारच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या छोट्या ध्वनिमुद्रणकक्षात आणि रॉबिन्सन यांच्या घरी. रॉबिन्सन संगणकीय वाद्यांवर कच्चे आराखडे तयार करीत. पुढे खऱ्या वादकांना बोलावून ते पुन्हा मुद्रित करावयाचे, असा मूळ बेत होता. परंतु त्या आराखड्यांतील साधेपणा कोहेन यांना इतका भावला की तेच कायम झाले. एका गाण्यात तंतुवाद्यांची आणि दुसऱ्या एकात गिटारची भर पडली, तेवढीच.

व्यवहार जाणणाऱ्या वाचकाला आणखी एक गोष्ट नक्कीच जाणवेल. संग्रह कोहेन यांच्या नावावर आहे. परंतु दहाही गाण्यांच्या रचनेचे श्रेय दोघांच्या नावे आहे. निर्मिती रॉबिन्सन यांची, मागील सारे गायन त्यांचे, आणि मुखपृष्ठावर कोहेन यांच्या शेजारी त्यांचाही चेहरा आहे. भागीदाराचे नाव पाटीवर लिहिण्यास किती पेढ्या तयार असतात, याचा विचार ज्याने त्याने करावा. हे श्रेय उदारतेचा देखावा म्हणून दिलेले नाही; ते गाण्यांत ऐकू येते. कोहेन यांचा आवाज वयानुसार अगदी खाली, खर्जाच्याही तळाशी गेलेला आहे. तो गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा वाटतो. त्या आवाजाला रॉबिन्सन यांचा मऊ, उबदार स्वर प्रत्येक ओळीखाली आधार देतो. वृद्धाने काठीवर भार द्यावा आणि काठीने त्याचा गाजावाजा करू नये, असे ते नाते आहे.

‘पॉप’ हा शब्द ऐकताच आपल्याकडील अनेक ज्येष्ठ कपाळाला आठी घालतात. त्यांच्या मते ते लग्नाच्या वरातीत वाजणारे, चार दिवसांत विसरले जाणारे संगीत. पॉप म्हणजे लोकप्रिय घाटाचे छोटे गाणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ: ठरलेला ताल, पुन्हा पुन्हा येणारे धृपद, सहज ओठांवर बसणारी चाल. हा घाट हलका नसतो; त्यात भरलेला माल हलका असू शकतो. कोहेन यांनी हाच घाट घेतला, लय संथ ठेवली, आणि त्यात भरला तो मरण, विरह, निष्ठा आणि क्षमा यांचा विचार.

पहिलेच गाणे ‘इन माय सीक्रेट लाइफ’ माणसाच्या दुहेरी जगण्याविषयी आहे. बाहेर तडजोड करणारा, निभावून नेणारा एक माणूस आणि आत योग्य-अयोग्य पक्के जाणणारा दुसरा. दिवसभर गिऱ्हाइकांसमोर हसून रात्री अंथरुणावर स्वतःशी हिशेब करणाऱ्या कोणालाही हे गाणे परके वाटणार नाही. ‘लव्ह इटसेल्फ’ या गाण्यात खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगणारे धूलिकण आहेत. आपण सारे रोज पाहतो आणि दुर्लक्षितो ते हे दृश्य; त्या कणांच्या नाचातून नाम आणि रूप विरघळण्याचा अनुभव कवीने सुचविला आहे. ‘बाय द रिव्हर्स डार्क’ बायबलमधील एका स्तोत्राला उलटे वळण देते. स्तोत्रात बॅबिलोनच्या नदीकाठी बसलेले निर्वासित आपल्या पवित्र नगरीसाठी रडतात. कोहेन यांचा निवेदक मात्र आपण बॅबिलोनमध्येच रमलो, हे कबूल करतो. ‘द लँड ऑफ प्लेंटी’ हे अखेरचे गाणे समृद्ध देशाच्या दिव्यांनी कधीतरी सत्यावरही प्रकाश पाडावा, अशी प्रार्थना करते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांना महिनाही झाला नव्हता तेव्हा हा संग्रह दुकानांत आला. गाणे त्याआधीच तयार होते. तरी अमेरिकेतील श्रोत्यांना ते त्या दिवसांसाठीच लिहिल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

‘अलेक्झांड्रा लीव्हिंग’ या गाण्याची वंशावळ विशेष सांगण्यासारखी आहे. त्याचा आधार ग्रीक कवी कवाफी यांची १९११ साली प्रसिद्ध झालेली एक कविता. त्यात पराभवाच्या उंबरठ्यावर असलेल्या अँटनीला सांगितले जाते की, तुझी प्रिय अलेक्झांड्रिया नगरी आता तुला सोडून जात आहे. हे स्वप्न होते असे म्हणून स्वतःला फसवू नकोस, धैर्याने खिडकीशी जा आणि तिचा निरोप घे. कोहेन यांनी नगरीच्या जागी स्त्री कल्पिली, उपदेश मात्र तोच ठेवला. कवाफी हेही व्यापारी घरातले. वडिलांची आयात-निर्यातीची मोठी पेढी होती. वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांत ती बुडाली आणि कवीने पाटबंधारे खात्यात कारकुनी करीत सुमारे तीन दशके काढली. जे गेले ते आपले नव्हतेच असे म्हणणे सोपे असते. ते आपले होते, सुंदर होते आणि आता ते जात आहे, असे डोळे उघडे ठेवून म्हणणे कठीण. चालती पेढी बंद होताना ज्यांनी शेवटचे कुलूप लावले आहे, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आणि आता ‘बूगी स्ट्रीट’. माझ्या मते संग्रहाचे हृदय हेच गाणे. सिंगापूरमधील बूगीस स्ट्रीट या बाजारपेठेवरून कोहेन यांनी हे नाव घेतले. दिवसा तेथे दुकाने आणि हातगाड्या, रात्री एके काळी वासनेचा बाजार. त्यांच्या स्वतःच्या स्पष्टीकरणानुसार ही गल्ली म्हणजे आपले रोजचे जगणे, जेथे काम आहे, इच्छा आहे, घासाघीस आहे. क्षणभर ती गल्ली दृष्टीआड होते, प्रेमात किंवा प्रार्थनेत सारे भान हरपते. आणि पुढच्याच क्षणी आपण पुन्हा तेथेच उभे असतो. मठात पाच वर्षे काढलेला माणूस हे म्हणतो आहे, आणि त्यात पराभवाचा किंवा तक्रारीचा सूर नाही. आपला पत्ता कोणता, ते त्याने शांतपणे सांगून टाकले आहे.

झेन परंपरेत बैल शोधणाऱ्या गुराख्याची एक चित्रमाला आहे. बाराव्या शतकातील चिनी आचार्य कुओआन यांनी ती दहा चित्रांत मांडली. गुराखी बैलाचा माग काढतो, त्याला पकडतो, माणसाळवतो, त्यावर बसून घरी येतो. आठव्या चित्रात बैलही नाही आणि गुराखीही नाही. केवळ एक रिकामे वर्तुळ आहे. येथे साधना संपली असे कोणासही वाटेल. परंतु दहाव्या चित्रात तोच मनुष्य मोकळ्या हातांनी, हसतमुखाने बाजारात शिरताना दिसतो. कोहेन यांना ही माला चांगली परिचित होती. १९७९च्या ‘रीसेंट साँग्ज’ या संग्रहातील एक गाणे त्यांनी तिच्याच आधारे रचले होते. तेव्हा त्यांनी गायिले ते हरवलेल्या जनावराच्या शोधाविषयी. दोन दशकांनंतर, ‘बूगी स्ट्रीट’मध्ये, ते अखेरच्या चित्रापाशी येऊन पोहोचले, असे म्हणता येईल.

संग्रहात उणे काही नाही, असे नव्हे. संगणकीय तालवाद्ये एकसुरी वाटतात. काही समीक्षकांनी तेव्हाच त्यावर बोट ठेवले होते. एका बैठकीत दहाही गाणी ऐकली तर लयीचा फरक फारसा जाणवत नाही आणि अधीर कान कंटाळतो. म्हणून एका वेळी दोनच गाणी, दिवेलागणीनंतर, शब्द समोर ठेवून ऐकावीत. घरातील तरुणांनी अर्थ सांगावा, ज्येष्ठांनी त्यावर आपला अनुभव सांगावा. मग संथपणा हा दोष न वाटता अवकाश वाटू लागतो.

बाजाराकडे परतणे ही केवळ काव्यातली भूमिका होती की खरे वळण, याची कसोटी लवकरच लागली. कोहेन यांनी आपला आर्थिक व्यवहार अनेक वर्षे पूर्णपणे व्यवस्थापकावर सोपविला होता. २००४च्या अखेरीस त्यांना कळले की वृद्धापकाळासाठी साठविलेली ५० लाख डॉलरहून अधिक पुंजी नाहीशी झाली असून सुमारे दीड लाख डॉलरच शिल्लक आहेत. न्यायालयात दाद मागितली; २००६ साली सुमारे ९० लाख डॉलरचा निवाडा त्यांच्या बाजूने झाला, परंतु वसुली झाली नाही. कागदावर हुकूमनामा आणि हातात काही नाही, ही स्थिती व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. आपण विरक्त आहोत म्हणून रोजमेळ पाहण्याची गरज नाही, हा समज किती महाग पडतो, हेही येथे दिसते. विरक्ती वेगळी आणि दुर्लक्ष वेगळे.

मग त्यांनी काय केले? मे २००८मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, कॅनडातील फ्रेडरिक्टन या छोट्या शहरातून त्यांनी दौरा सुरू केला. पंधरा वर्षांत ते अशा दौऱ्यावर गेले नव्हते. पाहता पाहता तो खंडाखंडांत पसरला आणि मधल्या विश्रांतीसह २०१३च्या डिसेंबरपर्यंत साडेतीनशेहून अधिक मैफली झाल्या. अनेक मैफली तीन तासांच्या होत. ते गुडघ्यांवर बसून गात, प्रत्येक वादकाची नाव घेऊन ओळख करून देत, आणि वादक एकटा वाजवू लागला की टोपी काढून छातीशी धरून उभे राहत. ‘बूगी स्ट्रीट’ गाण्याची वेळ आली की ते बाजूला होत आणि रॉबिन्सन यांना पुढे बोलावत. गेलेले धन त्यांनी श्रमाने पुन्हा मिळविले. गरजेपोटी सुरू झालेले हे काम त्यांना असे लाभले की गरज संपल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. आणखी तीन संग्रह निघाले. शेवटचा २१ ऑक्टोबर २०१६ रोजी. त्यात माँट्रियलच्या ज्या सभागृहात त्यांचे आजोबा प्रार्थनेला बसत, तेथील गायकवृंदाचे स्वर आहेत. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ७ नोव्हेंबर रोजी, ८२व्या वर्षी कोहेन यांचे निधन झाले.

प्रारंभी म्हटलेल्या दोन दारांकडे आता पुन्हा पाहू. पेढीवर बसून राहणे आणि सर्व सोडून जाणे यांत आपण जो विरोध मानतो, तो या दहा गाण्यांत विरून जातो. पर्वतावर गेल्यावाचून कोहेन यांना स्वस्थता लाभली नसती, हे खरे. परंतु ती स्वस्थता खरी आहे की नाही, हे कळले ते बाजारात उतरल्यावरच. मन शांत झालेला मनुष्य कमी काम करतो असे नाही. तो भागीदाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहितो, गेलेल्या गोष्टीला नीट निरोप देतो, फसविले गेल्यावर कडवट न होता दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. आपल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांना किल्ल्या सोपविल्यानंतर दिवस मोठे वाटू लागले आहेत, त्यांच्याजवळ बसून एखाद्या संध्याकाळी ‘बूगी स्ट्रीट’ अवश्य लावावे. भाषा परकी वाटली तरी गल्ली ओळखीची वाटेल.